कुठलं लांडाऊ?

कलिंगड घ्यायचं म्हणजे तो आधी ते वाजवायचा. बोटांच्या पेरांनी टकटक, मग कान जवळ, डोळे मिटलेले. पसंत पडलं नाही की पुढचं. सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईतली, फळवाली वैतागायची. "अंकल, ऑल स्वीट लाह! नो नीड नॉक!" हा तिला गंभीरपणे सांगायचा, "आधी आवाज ऐकावा."

सवय धंद्याची. तो जहाजांची तपासणी करणारा सर्व्हेअर. हातोडीने पत्रा ठोकायचा आणि तो आतून किती गंजलाय ते आवाजावरून सांगायचा. मी जहाजदुरुस्तीवर देखरेख करणारा इंजिनिअर. त्याने 'बदला' म्हटलेला प्रत्येक पत्रा माझ्या कंपनीच्या बोकांडी बसायचा. तेव्हा आमची मैत्री व्हायचं काही कारण नव्हतं. ती झाली माझ्या आडनावामुळे.

परदेशात तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. "तू कुठला?" म्हटलं की उत्तराआधी उसासा ऐकू येतो. याचे पूर्वज दोनेकशे वर्षांपूर्वी शेती करायला जर्मनीहून रशियात गेले होते. महायुद्धात त्यांची उचलबांगडी झाली ती थेट कझाकस्तानात. हा तिथेच जन्मला आणि पुढे आईवडिलांबरोबर जर्मनीत 'परत' आला.

"तिकडे आम्हाला जर्मन म्हणून शिव्या घालायचे," तो म्हणायचा. "इकडे आलो तर शेजारी म्हणाले, रशियन आले."

"आणि सिंगापुरात?"

"इथे मी नुसता अंकल. इथे बरं आहे."

माझ्या आडनावाचा अर्थ 'वडगावचा माणूस' असा आहे हे कळलं, तेव्हा त्याने जेवता जेवता काटा खाली ठेवला. "म्हणजे तुझं गाव तुझ्या पासपोर्टवरच छापलंय?" मग त्याला नादच लागला. गणपतीला मी त्याला घरी बोलावलं, तर आयटीतल्या झाडून सगळ्या पाहुण्यांना त्याने गाठलं. प्रत्येकाचं 'कर' काढलं, आणि "ते गाव पाहिलंस का?" असं विचारून एकेकाला खजील केलं. बहुतेकांनी पाहिलेलं नव्हतं. त्याला ते खरंच वाटेना.

त्याचं गाव होतं लांडाऊ. निदान त्याची आई लहानपणापासून त्याला तेवढंच सांगत आली होती, "आपण लांडाऊचे." तिने जन्मगाव सोडलं तेव्हा ती अगदी लहान होती, आणि पुढे कझाकस्तानात त्याविषयी बोलायचीच चोरी होती. जर्मनीत या नावाचं गाव आहे; पूर्वजांचं तेच, असं याने धरलं. वडील गेले, आईला विसरायला होऊ लागलं आणि तिने एकच धोशा लावला, "मला लांडाऊला ने." याने तिला तिच्या मैत्रिणींच्या शेजारातून उचललं आणि लांडाऊच्या वृद्धाश्रमात ठेवलं. खोली उन्हाची, खिडकीबाहेर चर्चचा मनोरा. मला फोटो दाखवताना तो किती खूश होता!

पण आईचा धोशा थांबला नाही. "लांडाऊला कधी जायचं?"

"आई, तू लांडाऊतच आहेस," तो दर रविवारी फोनवर सांगायचा. मग फोन ठेवून माझ्याकडे बघायचा. "विसरते रे ती."

इकडे तो तिथल्या चर्चला ईमेल करून जुन्या नोंदींत आपलं घराणं शोधायचा. उत्तर ठरलेलं, या नावाचं कुटुंब इथे नाही. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार! पण हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं?

एका दुपारी हॉकर सेंटरमध्ये समोर कलिंगडाच्या फोडी होत्या. तो म्हणाला, "आईला अजून आठवतं, लांडाऊची शेतं कलिंगडांनी भरलेली असायची."

"जर्मनीत?" मी म्हटलं. "इतकं ऊन पडतं तिथे?"

त्याने हातातली फोड खाली ठेवली. मग विषय बदलावा तसं विचारलं, "तू तरी वडगावला कधी जाणार?"

"कुठल्या?" मी हसलो. "आमच्याकडे पैशाला पासरी वडगावं. त्यातही बुद्रुक आणि खुर्द, थोरलं आणि धाकटं. आजोबा एक सांगायचे, आत्या दुसरंच सांगते. तुझं लांडाऊ एकच आहे कशावरून?"

मी गंमत केली होती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. काळ्या समुद्राजवळच्या, तेव्हा रशियात असलेल्या माळरानात वसायला गेलेल्या जर्मनांनी आपल्या नव्या गावाला जुन्याच गावाचं नाव दिलं होतं, लांडाऊ. युद्धानंतर ते नाव पुसलं गेलं. आईच्या कागदांवर जन्मगाव म्हणून युक्रेनमधलं जे नाव होतं, ते याच गावाचं नवं नाव. घराण्याचं मूळही सापडलं. पूर्वज ज्या खेड्यातून निघाले, ते आज फ्रान्समध्ये आहे. "घे, आता मी फ्रेंच," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. "माझी आई ठणठणीत होती रे. बहिरा मीच होतो. तिच्या लेखी थोरलं लांडाऊ ते, आणि तिला मी धाकट्यात नेऊन टाकलं."

त्याला तिला थोरल्या लांडाऊला न्यायचं होतं. पण त्याच वर्षी युक्रेनच्या पूर्वेला लढाई पेटली. गाव त्या भागापासून लांब होतं, तरी आईची हाडं इतका प्रवास सोसणार नाहीत, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. तेव्हा तो एकटाच जाऊन आला. परतल्यावर त्याने राजीनामा दिला आणि आईजवळ राहायला जर्मनीला गेला.

फळवाली अजून विचारते, "युअर फ्रेंड गो होम ऑलरेडी?" मी नुसती मान हलवतो. मला आठवते ती त्याची इथली शेवटची दुपार. समोर कलिंगडांचा ढीग होता आणि त्याने एकही वाजवून पाहिलं नव्हतं.

"तिथून आईला फोन केला," तो सांगत होता. "भोवती शेतं होती, वारा होता. तिने विचारलं, कुठे आहेस? मी म्हटलं, आई, मी लांडाऊला आलोय. तुझ्या लांडाऊला. कलिंगडांच्या."

"मग? खूश झाली असेल."

"कुठली खूश! घाबरून म्हणाली, 'तू लांडाऊला आहेस, तर मग मी कुठे आहे?'"