घडीबाई आणि परतीची बस

घडीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत त्यांनी सगळी नोकरी काढली. चादर असो, पडदा असो, टेबलावरचं कापड असो, त्यांच्या हातची घडी बघून शिकाऊ पोरी तोंडात बोटं घालत. त्या पोरींनीच हे नाव ठेवलं. पुढं ते मॅनेजरच्या तोंडी बसलं आणि निवृत्तीच्या दिवशी केकवरसुद्धा तेच आलं. घडीबाईंना त्याचा राग नव्हता. कामावरून ओळख मिळाली तर त्यात रागवायचं काय, असं त्यांचं मत. मतं त्यांच्याकडं पुष्कळ होती आणि ती न मागता मिळत.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मागच्या थंडीत जिन्यात पाय घसरून पडल्या आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी कामावरून परत येईपर्यंत तिथंच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण मुलानं धसका घेतला. तो दुसऱ्या शहरात पाण्याचे पंप बसवायचं काम करी. दर फोनवर त्याचं एकच पालुपद सुरू झालं, खोल्या सोड आणि आमच्याकडं राहायला ये. घडीबाई म्हणत, बघू. हे बघू त्यांनी उन्हाळ्यापर्यंत ताणलं. मग एक दिवस मुलगा आणि सून जहाजाच्या सहलीची तिकिटं घेऊनच दारात उभे राहिले. आधी मस्त फिरून येऊ, मुलगा म्हणाला, परत आल्यावर काय ते ठरवू. ही लाडीगोडी कशासाठी चालली आहे ते न कळण्याइतक्या घडीबाई भोळ्या नव्हत्या. पण जहाज त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्या गेल्या.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर त्यांनी आधी पलंगावरची चादर उचलून बघितली. नुसती दाबलीय, इस्त्री कसली ही, असा शेरा मारला. सून म्हणाली, "आई, सुट्टीवर आलाय तुम्ही." घडीबाई म्हणाल्या, "डोळे घरी ठेवून आले नाही गं."

पहिल्या बंदरावर सगळे जण जहाजवाल्यांच्या सहलीबरोबर गेले. छातीवर क्रमांक चिकटवलेला, पुढं झेंडा धरलेली एक बाई, आणि तिच्या मागं मुंग्यांची रांग. एक आजोबा स्वच्छतागृहात गेले तर अख्खी बस त्यांच्यासाठी खोळंबली. जुना किल्ला काचेतून दिसला, आणि आठवणींच्या वस्तूंचं दुकान मात्र पोटभर बघायला मिळालं. जहाजावर परत आल्यावर घडीबाईंनी छातीवरचा क्रमांक सोलून काढला आणि सांगून टाकलं, "पुढच्या गावात मी माझी मी जाणार. मला असं पोत्यात भरून नेलेलं चालणार नाही."

मुलाच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं बायकोकडं पाहिलं. सून म्हणाली, "जाऊ दे ना त्यांना." तो म्हणाला, "जा. पण फोन चालू ठेव. आणि अगदी शेवटपर्यंत थांबू नकोस, जहाज कुणासाठी थांबत नाही."

तो एवढंच बोलला, पण घडीबाईंना न बोललेलंही ऐकू आलं. ही परीक्षा होती. परक्या बंदरात एकटीनं जाऊन धडपणे परत आलं, तर आपल्याच दोन खोल्यांत एकटीनं राहता येत नाही असं कोण म्हणेल? आणि कुठं घोटाळा झाला, तर खोल्या गेल्याच. तिघांनाही हे ठाऊक होतं आणि तिघांनीही त्यावर चकार शब्द काढला नाही.

घडीबाईंनी त्यासाठी एक युक्ती काढली. नकाशा त्यांना वाचता येत नसे आणि वाट विचारायची तर भाषा येत नव्हती. म्हणून बंदराबाहेर जी साधी, गावातल्या माणसांची बस उभी असेल तिच्यात चढायचं, ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं. बस कुठंही गेली तरी संध्याकाळी घरीच येते, असा त्यांचा सिद्धांत. दुसऱ्या बंदरावर तो बिनचूक लागू पडला. दप्तरं घेतलेली पोरं चढली, उतरली. एक बाई खिडकीतून सतरंजी झटकत होती, तिचा हात घडीबाईंना फार पसंत पडला. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून त्यांनी कॉफी घेतली. रात्री जेवताना हे सगळं त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. मुलगा ऐकत होता, मध्येच हसत होता. पहिला पेपर सोपा गेला, असं मनाशी म्हणत त्या शांत झोपल्या.

तिसऱ्या बंदरावर पाणी उथळ होतं. जहाज बाहेरच उभं राहिलं आणि छोट्या बोटी माणसांना धक्क्यावर नेऊन सोडू लागल्या. घडीबाईंनी घाई करून बोटीत जागा पकडली. धक्क्यासमोर बस उभीच होती. बस डोंगर चढायला लागली, घरं विरळ होत गेली, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका एकेक करून उतरल्या. शेवटी एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बस थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, डबा काखोटीला मारला आणि घडीबाईंना उतरायची खूण केली. घडीबाई बसून राहिल्या. त्यांनी बोटानं आल्या वाटेकडं दाखवलं. ड्रायव्हरनं शेडमध्ये ओळीनं उभ्या असलेल्या बस दाखवल्या, दोन्ही हात जोडून गालाखाली धरले आणि डोळे मिटले. बस झोपायला आली होती. सकाळच्या बाजारापुरतीच ती धावत असावी. घडीबाई उतरल्यावर तो स्कूटरवर बसून निघून गेला.

आवारात चिटपाखरू नव्हतं. घडीबाईंनी फोन काढला. सगळ्यात वर मुलाचाच नंबर होता. अंगठा त्याच्यावर नेला आणि तिथंच थांबवला. फोन केला असता तर तो टॅक्सी घेऊन आला असता. रागवला नसता, बोललाही नसता. फक्त त्यांच्या हातातली पिशवी स्वतःकडं घेतली असती. त्या पिशवीबरोबर आपल्या खोल्यांतली स्वयंपाकघराची खिडकी गेली असती, हव्या त्या वेळी केलेला चहा गेला असता, आज उशिरा का उठलीस असं कुणी न विचारण्याची चैन गेली असती. त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि वर रुमाल कोंबला.

आवाराच्या कडेवरून समुद्र दिसत होता आणि त्यावर काडेपेटीएवढं जहाज. तेव्हा उतरत जायचं, एवढं तर उघड होतं. पण गाडीरस्ता लांबून वळसे घेत होता, म्हणून त्यांनी पायऱ्यांची गल्ली धरली. ती एका भिंतीपाशी संपली. चढून पुन्हा वर आल्या, दुसरी गल्ली धरली, ती कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी संपली. आता गुडघा बोलायला लागला होता आणि जहाज घरांच्या आड गेलं होतं. घडीबाई एका पायरीवर बसल्या. त्यांना रडू आलं आणि त्या रडल्या. मुलगा म्हणतो ते खरंच आहे की काय, असं त्या दिवशी त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं.

समोरच्या ओट्यावर एक बाई वाऱ्यात भल्या मोठ्या चादरीशी झटापट करत होती. एक टोक हनुवटीखाली, दोन हातात आणि चौथं जमिनीवर लोळतंय. घडीबाईंना ते बघवेना. त्या उठल्या, डोळे पुसले आणि सरळ जाऊन दोन टोकं धरली. ती बाई आधी दचकली, मग हसली. चादर ताणली, झटकली, जुळवली. घडी हातात आल्यावर बाईनं तिची कड निरखून पाहिली आणि काही न बोलता टोपलीतली दुसरी चादर पुढं केली. टोपली रिकामी झाल्यावर घडीबाईंनी समुद्राकडं हात करून जहाज कसं असतं ते हातवाऱ्यांनी दाखवलं. बाईनं त्यांचा हात धरला, त्यांना आपल्या घरात नेलं, उकळत्या भांड्याच्या बाजूनं स्वयंपाकघर ओलांडलं आणि मागचं दार उघडलं. दाराबाहेर सरळ उतार होता आणि उताराच्या टोकाला धक्का.

धक्क्यावर थोडीच माणसं उरली होती. दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर मुलगा बसला होता. चेहरा धुऊन पिळल्यासारखा झालेला. त्यांना बघून तो उठला नाही, नुसताच बघत राहिला.

"झालं फिरून?" त्यानं विचारलं.

"छान झालं," घडीबाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांनी उतारावरच तयार ठेवलं होतं. "पार वरपर्यंत गेले होते."

तो पाण्याकडं बघत म्हणाला, "आई, मागच्या गावात मी तुझ्याच बसमध्ये होतो. अगदी मागं, टोपी घालून. तू एकदाही वळून पाहिलं नाहीस."

घडीबाईंना आधी नीट कळलंच नाही.

"आजही येणार होतो. पण तुझी बोट भरली. पुढच्या बोटीनं आलो तर तू कुठंच नाहीस. फोन केला तर उचलला नाहीस. तेव्हापासून इथंच बसलोय."

घडीबाईंना असा राग आला, जसा पूर्वी डागाळलेलं कापड घडीत लपवून देणाऱ्या पोरींचा येई. ती कॉफी, ती सतरंजी, ती शांत झोप, सगळं त्यांना आपलं एकटीचं वाटलं होतं. राग थोडा ओसरला तसं त्यांच्या लक्षात आलं की आज मात्र मागं कुणीच नव्हतं. आणि मग मघाशी दिलेलं तयार उत्तर त्यांना तसंच ठेववेना.

"आज मी चुकले," त्या म्हणाल्या. "बस वरच राहिली. पायऱ्यांवर बसून रडलेसुद्धा."

"मग फोन का नाही केलास?"

"केला असता तर खोल्या सोडाव्या लागल्या असत्या."

त्यानं नाही म्हटलं नाही. एवढं तरी तो खरं वागला.

"आता ऐक," घडीबाई म्हणाल्या. "खोल्या मी सोडणार नाही. पास झाले म्हणून नव्हे, आज मी नापासच झाले. तरी सोडणार नाही. परत पडेन, परत चुकेन. जमेल तोवर राहीन. आणि माझ्या मागं टोपी घालून यायचं नाही."

"आणि तू फोन उचलला नाहीस की माझं काय होतं, त्याचं काय?"

याचा विचार त्यांनी केला नव्हता. बोट धक्क्याला लागत होती, माणसं पुढं सरकत होती.

"ते तुझ्या वाट्याचं," त्या म्हणाल्या. "तुला शाळेच्या दारात सोडून मी तळघरात जायचे, तेव्हा माझ्या वाट्याचं मीच सोसलं. तू मोठा झालास म्हणून ते कमी झालेलं नाही. पण मी तुझ्या मागं येत नाही."

बोटीत चढताना त्यानं हात दिला आणि पायरी उंच होती म्हणून त्यांनी तो घेतला.

शेवटच्या बंदरावर त्या पुन्हा एकट्या उतरल्या. मुलगा वरच्या डेकवर कठड्याला धरून उभा राहिला, उतरला नाही. बस धक्क्याबाहेर पडल्यावर घडीबाईंनी मागं वळून एकेक बाक नीट पाहिलं. टोपीखालचे चेहरे तर वाकून पाहिले. ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं पुरतं बसायच्या आत मनातून भीती वाटली. त्या उठून ड्रायव्हरपाशी गेल्या आणि ही बस परत येते ना, असं हातानं गोल काढून विचारलं. त्यानं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांना कळलं नाही. त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या.