मैदानातला बांध

“मॅडम, मैदानात बांध कावून काढलाय?”

फायनलच्या सकाळी पंचांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पाहुण्या टीमच्या नाश्त्याकडे बघत होते. पोह्याचं पातेलं तसंच सोडून मी मैदानाच्या मध्यापर्यंत गेले आणि कपाळावर हात मारून घेतला.

फुटबॉलचं मैदान मधोमध एका रेषेनं दुभागलेलं असतं. तिला हाफवे लाइन म्हणतात. जगातल्या कुठल्याही मैदानात ती एकच असते. माझ्या मैदानात दोन होत्या. एकीला एक समांतर, आणि मध्ये बाज टाकून झोपावं एवढी पट्टी. दोन्ही रेषा सुरेख, सरळ, पांढऱ्याशुभ्र. चुन्याची फक्की हात राखून टाकली नव्हती.

हे कुणाचं काम आहे ते मला विचारावं लागलं नाही.

मी माजलगावला शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि सुट्टीच्या दिवशी मुलींचा फुटबॉल क्लब चालवते. मी सुरू केला तेव्हा लोक म्हणायचे, पोरींनी कबड्डी खेळावी, खो-खो खेळावं, हे लाथा मारणं कशाला? आता तेच लोक मॅचच्या दिवशी मोटारसायकलवर उभे राहून मला डावपेच सांगतात. चौदा वर्षांखालची माझी टीम जिल्ह्यात चांगली समजली जाते. ती चांगली आहे ती मुख्यतः दोन मुलींमुळे. तनुजा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या भागात खेळून पुढच्यांना बॉल पुरवणारी. श्रावणी स्ट्रायकर, म्हणजे तो बॉल जाळ्यात घालणारी. तनुजा मान वर न करता पास देते आणि श्रावणी तिथे आधीच पोचलेली असते. हे मी शिकवलेलं नाही. शिकवता येत असतं तर सगळ्यांनाच शिकवलं असतं.

दोघी चुलत-चुलत बहिणी. त्यांचे वडील चुलत भाऊ आणि पक्के वैरी. श्रावणीचे वडील अंकुशराव, तनुजाचे दत्ताभाऊ. दोघांचा ऊस धरणाच्या पाण्यावर, शेताला शेत लागून, आणि मध्ये एक बांध. त्या बांधावरून दोघं कधीपासून बोलत नाहीत. सरकारी मोजणी झाली, ती अंकुशरावांना मान्य नव्हती. परत झाली, ती दत्ताभाऊंना मान्य नव्हती. मैदानावरही एक या गोलपोस्टमागे उभा, तर दुसरा त्या. त्यांच्या बायका मात्र एकाच रिक्षातून यायच्या आणि एकाच डब्यातून शेंगदाणे खायच्या. तनुजाची आई सविता मला एकदा म्हणाली, “आमचं काय भांडण न्हाई मॅडम. ते बांधाचं हाय. बांध घरात येत न्हाई.”

अशी दोन वर्षं बरी गेली. मग बीडला नवी अकॅडमी निघाली. त्यांच्याकडे टर्फ, म्हणजे हिरवळीसारखी गालिच्याची जमीन. दोन रंगांची किट, स्वतःची बस. त्यांचे कोच आमच्या सेमीफायनलला येऊन बसले आणि संपल्यावर दोन्ही वडिलांना वेगवेगळं गाठून चहा पाजला.

दुसऱ्याच दिवशी अंकुशराव शाळेत हजर.

“मॅडम, श्रावणीची एनओसी पायजे.”

एनओसी म्हणजे आमच्या क्लबची हरकत नसल्याचं पत्र. ते घेतलं की मुलगी दुसऱ्या क्लबात नोंदवता येते. पण त्या मोसमात परत फिरता येत नाही.

“बरं. विचार पक्का आहे?”

“पक्का म्हंजे एकदम पक्का.” मग खुर्ची पुढे ओढून हळूच, “दत्त्यानं मागितली का?”

“नाही.”

“मग थोडं थांबा. तो काय करतो ते बघू.”

ते फाटकातून बाहेर पडले आणि दत्ताभाऊ आत आले. त्यांनाही एनओसी हवी होती. त्यांनीही आधी विचारलं, “अंकुश्या आलता ना? काय म्हणला?”

“दत्ताभाऊ, मुलीचं काय म्हणणं आहे?”

“तिचं काय इचारायचं? पण तो पोरीला बीडला घालणार असंल तर आमी कावून मागं राहायचं? आणि तो न्हाई घालणार, तर मग तितं काय तरी खोट असंल.”

पुढचे आठ-दहा दिवस हाच खेळ. एक पाऊल टाकायचा, दुसरा फोन करून विचारायचा. क्लब कुठला चांगला, कोच कसा, मुलगी रोज बीडला जाणार कशी, शाळेचं काय, हे एकानंही विचारलं नाही. मला राग यायचा आणि हसूही यायचं. शेवटी मी दोघांना एकच सांगितलं, फायनल रविवारी आहे, पत्रावर सही सोमवारी करीन.

शनिवारी सराव संपल्यावर तनुजा बुटांच्या लेस सोडत बसली होती. ती कमी बोलणारी मुलगी. एकदम म्हणाली, “मॅडम, श्रावणी गेली तर मी बॉल कुणाला देऊ?”

मी म्हटलं, कुणीतरी असेलच की पुढे.

“असंल,” ती म्हणाली, “पण मला बघून द्यावा लागंल.”

घरी जाईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

फायनल नेमकी आमच्याच मैदानावर आणि त्या अकॅडमीशीच होती. विभागाच्या टीमसाठी मुली निवडायला सिलेक्टरही येणार होते. आणि मैदान आखणारा आमचा माणूस शुक्रवारीच मेहुण्याच्या लग्नाला निघून गेला. हे अंकुशरावांच्या कानावर गेलं. “मी मारतो फक्की,” ते म्हणाले. ते म्हणाले म्हणून लगेच दत्ताभाऊ म्हणाले. मला वाटलं, बरंच झालं. दोघं शेतकरी, दोरी लावून सरी पाडणारे. सरळ रेष यांच्यापेक्षा कुणाला जमणार? मी काम वाटून दिलं. नदीकडचं अर्धं मैदान अंकुशरावांनी आखायचं, रस्त्याकडचं दत्ताभाऊंनी. दोघांनी मधल्या रेषेपाशी यायचं.

ज्या माणसांमध्ये बांध आहे, त्यांना मी अर्धं-अर्धं रान वाटून दिलं. बावीस वर्षांची नोकरी आणि हे माझं डोकं.

सकाळी त्या दोन रेषा बघून मी दोघांना बोलावलं. पंच कमरेवर हात ठेवून उभे होते. परभणीचे, उन्हात रापलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ.

अंकुशराव म्हणाले, “मी बरूबर मापली व्हती. पण दत्त्या सरकवणार हे म्हाईत हाय, म्हून आदीच थोडी पुढं घेतली.”

दत्ताभाऊ म्हणाले, “मी मागून आलो, बगतो तर ह्याची रेघ माझ्यात. मग मी माझी त्याच्यात वढली. न्हाई तर हाय ते बी गेलं असतं.”

आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. नांगरताना दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, पलीकडच्या रानात घालायचं. पलीकडचा घालणार म्हणून आपण आधी घालायचं. यात जमीन किती मिळते ते देवाला माहीत, पण झोप दोघांचीही जाते.

पंचांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. “हाफटाइमला टीमा बाजू बदलतात. म्हाईत हाय?”

“हाय की,” दोघं म्हणाले.

“मग चोरलेली जागा हाफटाइमनंतर कुणाची?”

दोघं आपापल्या रेषेकडे बघायला लागले. मला राहवेना. “आणि तुमच्या दोघांच्या मुली एकाच टीममध्ये आहेत हो! कोणाचं कोणाकडून चोरताय?”

मागे गर्दी जमली होती. त्यातून कुणीतरी ओरडलं, “मोजणीदाराला बोलवा!” सगळं मैदान हसलं. अकॅडमीचे कोच हसत नव्हते. ते पंचांना म्हणाले, की मैदान नियमात नसेल तर मॅच त्यांच्या नावावर करावी, पाहुण्या टीमला वॉकओव्हर. नियमाप्रमाणे त्यांचं चूक नव्हतं. पोरी वर्षभर धावल्या, आणि दोन बापांच्या फक्कीत फायनल जाणार!

पंचांनी घड्याळ बघितलं. “अर्ध्या तासात एक रेघ. नसता वॉकओव्हर.”

मी काही बोलायच्या आत सविता बादली घेऊन आली. श्रावणीची आई खराटा घेऊन. दोघींनी पदर खोचले आणि नवऱ्यांकडे न बघता दोन्ही रेषा पुसायला घेतल्या. पंचांनी स्वतः टेप धरून पूर्ण लांबी मापली, निम्मी केली आणि दोन्ही कडांना खुंट्या ठोकल्या. मग दोरी अंकुशरावांच्या हातात दिली.

“एक टोक तुमी धरा, एक ह्यांनी. जमिनीला टेकवून, ताणून.”

“मी त्याच्यासंगं...” दत्ताभाऊंनी सुरुवात केली.

“यांना दोरी द्या अन् गप ऱ्हावा म्हणा,” सविता खाली बघतच म्हणाली. “तेवढंच येतंय दोघांला.”

दोघं मैदानाच्या दोन कडांना जाऊन उकिडवे बसले. दोरी पहिल्यांदा सैल पडली. पंच म्हणाले, ओढा. अंकुशरावांनी ओढली तर दत्ताभाऊ सरकले. दत्ताभाऊंनी हिसका दिला तर अंकुशराव खुंटीवरून पुढे आले. दोरीचं एक बरं असतं. दोघांनी सारख्या जोरानं धरल्याशिवाय ती सरळ होतच नाही. सगळा गाव बघत होता. दोघांची मान खाली आणि दोरी हळूहळू ताठ.

फक्कीचे डबे मुलींनीच उचलले. एका कडेनं श्रावणी, दुसरीकडून तनुजा, दोरीवर फक्की सोडत निघाल्या आणि मध्यभागी, जिथून मॅच सुरू होते त्या ठिकाणी भेटल्या. तनुजानं उरलेली फक्की श्रावणीच्या नाकाला लावली. पंचांनी वाकून रेष बघितली आणि शिट्टी ओठांत धरली.

मॅच चुरशीची झाली. अकॅडमीच्या मुली तयारीच्या होत्या, खोटं कशाला बोलू. पहिल्या हाफमध्ये आम्ही नुसता बचाव करत होतो. दुसऱ्या हाफमध्ये, संपायला थोडाच वेळ असताना, तनुजाला बॉल मिळाला तो बरोबर त्या नव्या रेषेवर. तिनं बघितलं नाही. नुसता टाकला. श्रावणी निघालेली होती.

“मार श्रावणे! मार!”

हे ओरडले दत्ताभाऊ. बॉल जाळ्यात गेला आणि अंकुशराव शेजारच्याला हलवून विचारायला लागले, “पास कुणाचा व्हता? बगितला का? आमच्या तनीचा!” शेजारचा माणूस अकॅडमीचा बसड्रायव्हर होता. त्यानं होय म्हणून मान हलवली.

आम्ही एका गोलनं जिंकलो. सिलेक्टरनी दोघींची नावं लिहून घेतली. अकॅडमीच्या कोचनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “घ्यायच्या तर दोघी घेईन मॅडम. एकटी नको.” माणूस जाणकार होता.

सोमवारी मी दोन्ही पत्रं तयार ठेवली. मन खट्टू होतं. पण शब्द दिला होता, आणि मुली माझ्या मालकीच्या नव्हत्या.

आधी अंकुशराव आले. टोपी काढली, घातली. “मॅडम, ते पत्र ऱ्हाऊ द्या. श्रावणी म्हणती, दोघी एका टीममंदीच खेळणार, अन् इतंच.” दाराशी जाऊन परत वळले. “फकत मी नको म्हणलो, हे दत्त्याला सांगू नका.”

दुपारी दत्ताभाऊंचा फोन. “मॅडम, ते ऱ्हाऊ द्या. पोरीला इचारलं मी.” मग आवाज खाली आणून, “अंकुशदादाला कळू देऊ नका, मी माघार घेतली म्हून.”

‘अंकुश्या’ नाही, ‘अंकुशदादा’. मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले. मला इतका आनंद झाला होता की पुढच्या तासाला मी सातवीला नुसतं खेळायला सोडलं.

दोघांनाही अजून वाटतं की समोरच्याला पत्र हवं होतं आणि मॅडमनी दिलं नाही. वाटू दे. या वाईटपणाला मी तयार आहे.

महिन्याभरानं अंकुशराव पुन्हा शाळेत आले. मला वाटलं, आता कुठली नवी अकॅडमी निघाली? तसं काही नव्हतं.

“मॅडम, ती फक्कीची दोरी देता का दोन दिवस? बांधाला लावून बगायची म्हणतो.”

“दुसरं टोक कोण धरणार?”

अंकुशराव खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “हाय एकजण.”

मी दोरी दिली. ती अजून परत आलेली नाही. मी मागितलेली नाही. क्लबसाठी बाजारातून नवी आणली.

नवीन कोच मंडळी मला विचारतात, पालकांना कसं सांभाळायचं. मी सांगते, कुणालाही अर्धं मैदान देऊ नका. एक दोरी द्या, दोघांत मिळून. आणि एक जास्तीची कपाटात ठेवा.