मिलिंद अंगठा ठेवायचा ती जागा

लातूरहून फोन आला, मिलिंद गेला. गेला कसला, मारला त्याला! घरासमोर गाडीच्या बॉनेटवर तलवारीने केक कापणाऱ्या टोळक्याला तो एवढंच म्हणाला होता, की आई आजारी आहे, गाणी जरा हळू लावा. त्यांनी लोखंडी रॉडने त्याचं डोकं फोडलं. महिना उलटून गेला, तरी माझ्या मुठी सुटत नाहीत…

उदगीरला शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी नांदेडला फिजिक्स शिकवू लागलो आणि हा लातूरला बसून दूरच्या दीर्घिकांची वजनं काढू लागला. इन्फ्रारेड प्रकाश मोजायचा आणि त्यावरून तिथल्या ताऱ्यांचं वस्तुमान ठरवायचं, हे त्याचं काम. तुला आडतीवर धान्य तोलायलाच बसवायला हवं होतं, असं मी चिडवायचो. तो म्हणायचा, "निळे तारे लई चमकतात रे, पण दीर्घिकेच्या वजनात त्यांचा वाटा लई थोडा. खरं वजन जुन्या, मंद, तांबड्या ताऱ्यांत हाय." एका दीर्घिकेचं वजन मात्र त्याने भलतंच जास्त काढलं. तिच्या मधोमध कृष्णविवर आजूबाजूचं सगळं ओरबाडून गिळत होतं आणि तिथल्या तापलेल्या धुळीचा उजेड याने ताऱ्यांचा म्हणून मोजला. चूक कळली तेव्हा त्याने हातातला कप भिंतीवर फोडला. पुढे सवयच लागली. दीर्घिकेचं कुठलंही चित्र आलं, की मधला उजेड झाकायला आधी स्क्रीनच्या मधोमध अंगठा ठेवायचा आणि मग कडेला काय आहे ते बघायचं.

परवा लातूरला गेलो. साक्षीदारच नाही, असं पोलीस म्हणतात. क्लिप मात्र गावभर फिरते आहे. तीत मारणाऱ्याची नुसती पाठ दिसते आणि वरखाली होणारा रॉड. मला बघवेना. मिलिंदच्या बायकोने, रत्नावहिनीने, ती त्याच्याच लॅपटॉपवर लावली आणि मध्येच थांबवली. स्क्रीनवर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा अजून तसाच होता. तिने त्यावर आपला अंगठा टेकवला. रॉड झाकला गेला.

"आता कडेला बघा, भाऊजी."

फाटकाआड, ओट्यावर, गॅलरीत माणसंच माणसं. किराणावाला, दूधवाली, शेजारचे निवृत्त मास्तर. रोज मिलिंदच्या हातचा चहा पिणारे. एकेकाला फरफटत बाहेर काढावं, असं मनात आलं आणि मी उठलो. वहिनीने मला खाली बसवलं. लॅपटॉप तसाच उघडा उचलून ती शेजारी गेली, मी मागोमाग. तिने मास्तरांचं दार बडवलं.

"अंगठा ठेवा इथं," ती म्हणाली, "आन् तुम्ही कुठं उभे हाव ते बघा."

मास्तरांनी अंगठा ठेवला आणि कडेच्या माणसांत स्वतःला शोधलं.