कानातला बिल्ला

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे. मी तिला बाई म्हणतो. आई गेली तेव्हा बाईने चौथीत शाळा सोडली आणि पुढे कापूस वेचून मला राजुऱ्याच्या कॉलेजात शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ती आता कोरपन्याकडच्या आपल्या वावरात एकटीच राबते.

नोकरी लागल्यावर तिच्या दोन्ही बैलांचा विमा मीच काढला. जनावरांचे डॉक्टर आले आणि बैलांच्या कानांत पकडीने पिवळे बिल्ले ठोकून गेले. शिकलो ते बाईच्या कामी आलं, याचं मला तेव्हा फार समाधान वाटलं होतं.

पोळ्याच्या आधी बैलांचे खांदे शेकताना तिला एका बैलाच्या कानाचा वास आला. बिल्ल्याच्या भोकात अळ्या वळवळत होत्या. तिने बिल्ला कापून काढला, बोटाने अळ्या वेचल्या आणि हळद-कडुलिंबाचं तेल लावत राहिली. कान भरत आला. बैल पोळ्यात सजून उभा राहिला. नंतर थोड्याच दिवसांत धुऱ्यावर, बांधाच्या गवतात चरताना साप चावून तो मेला.

कपाशीच्या ओळींतलं तण काढायची डवरणी अर्धी राहिली होती. एका बैलाने डवरा चालत नाही. विम्याचे पैसे आले तरच नवा बैल येणार होता.

डॉक्टरांनी तपासून सापाचं कारण लिहून दिलं. मीही तोवर गावी पोचलो होतो. मग विमा कंपनीचा माणूस आला. नाकाला रुमाल लावून त्याने बैलाचे दोन्ही कान पाहिले.

"बिल्ला कुठी आहे?"

"घरी आहे भाऊ, चहाच्या डब्यात," बाई म्हणाली. "कानात किडे पडले होते."

"मग हा तुमचाच बैल कशावरून?"

"गावाले विचारा ना. सारं गाव वळखते त्याले."

"गाव सही करते का पॉलिसीवर? बिल्ला नाई तर पैसे नाई, अटच आहे तशी."

मग त्याने मला बाजूला घेतलं. "तुम्ही शिकलेले दिसता. बिल्ला आणा. पक्कड माझ्या गाडीच्या डिक्कीत आहे, आत्ता ठोकून फोटो काढतो. तुमचंही काम होते, आमचंही चहापाणी."

बाईने ते ऐकलं. भोवतीच्या लोकांतून कोणी म्हणालं, "ठोकू दे ना बाई, मेलेल्याले काय दुखते?"

"त्या कानात बोट घालून मी किडे काढले," ती म्हणाली. "आता तिथंच भोक पाडू देऊ? जा भाऊ तुम्ही. चहा पाहिजे तर चौकात भेटते."

तो हसत हसत गाडीवर बसला. त्याच्या त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

रात्री मी अटी वाचून काढल्या. बिल्ला गळून पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्यावा, असं लिहिलं होतं. सडलेल्या कानात तो मारायचा कुठे, याबद्दल एक अक्षर नव्हतं. बाईने कान तसाच सडू दिला असता तर तिचा विमा शाबूत राहिला असता. असली अट कोणीतरी पंख्याखाली बसून, जनावराला हात न लावता लिहिली असणार. तो कागद हातात धरायचीही मला घाण वाटली.

पुढे कंपनीचा नकार आला. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून बाईला पत्र लिहिलं:

"बाई,

कंपनीचं उत्तर आलं. पैसे भेटत नाई. मेला तेव्हा कानात बिल्ला नव्हता, एवढंच लिहिलं आहे. तो का नव्हता हे मी सगळं कळवलं होतं, त्याबद्दल काहीच नाई. त्या माणसाची तक्रार केली आहे, पण मले आशा नाई.

शेजारच्या भाऊंकडेही एकच बैल उरला आहे. त्यांच्याशी बोललो. त्यांचा एक अन् आपला एक जुंपू, आधी त्यांचं वावर, मग आपलं. तोवर गवत माजंन. मी सुट्टी घेऊन निंदायले येतो.

दुसऱ्या बैलाचाही कान फुगला, बिल्ला काढू का, असं तू विचारलंस. त्याचा विमा अजून चालू आहे म्हणून तू थांबली असशील. थांबू नको बाई. आजच काढ."