मुगाच्या मडक्यातला कॅमेरा

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. उंद्रीजवळच्या आमच्या गावात मोठ्या बहिणीचं लग्न झालं आणि त्या लग्नात मामाचा डब्बा कॅमेरा बिघडला. फिल्म पुढे सरकवायची कळ अडकली. मामाने जोर लावून पाहिला, एक शिवी हासडली आणि हात मागे घेतला. आत फोटो आहेत, उघडला तर उजेडाने सगळे जातील, म्हणाला. त्याची सुट्टी संपली होती. पोळ्याला येईन, खामगावात ओळखीचा फोटोग्राफर आहे, तो अंधाऱ्या खोलीत उघडेल. तोवर कॅमेरा अंधारात, कोरडा आणि थंड ठेव, असं आईला बजावून तो नागपूरला नोकरीवर गेला.

आमच्या घरात तोवर कोणाचाच फोटो नव्हता. बहीण बीबी गावाला सासरी गेली, पेरण्या लागल्या आणि तिकडचे लोक तिला माहेरी पाठवायचं नाव काढेनात. पोरीचं तोंड निदान फोटोत तरी दिसेल, असं आई भाकरी थापतानाही म्हणायची. मला वेगळीच घाई होती. त्या डब्ब्यात मीही होते, नवं परकर-पोलकं घालून. मी कशी दिसते हे पाहायला मी नुसती उतावीळ झाले होते, आणि साऱ्या गल्लीत तसं सांगूनही आले होते. बाया कॅमेरा बघायला यायच्या आणि आई त्यांना दारातूनच वाटेला लावायची. तो कुठे ठेवलाय हे तिने मलाही सांगितलं नाही. मला भयंकर राग यायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा आला. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आईने मोठ्या तोऱ्यात माजघरातून मुगाचं मडकं आणलं, मातीने लिंपलेलं झाकण फोडलं आणि कोपरापर्यंत हात घालून कॅमेरा वर काढला. अंधार, कोरडं, थंड, सगळं मामाच्या सांगण्याबरहुकूम होतं. पण आमच्याकडे मुगाला कीड लागू नये म्हणून राख चोळून ठेवतात, आणि आईने कॅमेऱ्यालाही ती मायेने चोळली होती. फटीफटीतून राख गळत होती. मामाने कॅमेरा उलटा करून झटकला.

"याले राख काऊन लावली वं बाई?"

"मुगाले कीड नाई लागत, तं फोटोले कशी लागन?" आई म्हणाली.

पोळा होताच मामा खामगावला गेला. संध्याकाळी मी मोटारीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. जीव नुसता टांगणीला लागला होता. मामा हसत उतरला आणि मी रस्त्यातच त्याच्या पिशवीत हात घातला. फोटो एकच होता. कळ अडकायच्या आधीही, पहिल्यापासूनच नुसती फिरत होती, फिल्म सरकलीच नव्हती, आणि मामाने काढलेले सगळे फोटो एकाच जागी एकमेकांवर बसले होते. वर राखेचे पांढरे ठिपके. माझा म्हणून फक्त परकराचा काठ आला होता. मी रुसून घरापर्यंत मामाच्या पुढेपुढे चालत आले.

आईने फोटो दाराशी उजेडात नेला. हळद लागलेली बहीण त्यात खळखळून हसत होती, आणि तिच्यावरच औक्षणाचं ताट घेतलेली आई उमटली होती. बहिणीच्या गालावर आईचे डोळे आले होते. कोणाचं तोंड कुठे संपतं ते कळत नव्हतं. आई कितीतरी वेळ पाहत राहिली. माझा रुसवा कुठच्या कुठे गेला, आता ही रडते की काय म्हणून मी तिला जाऊन बिलगले. घरात हा फोटो कुठे लावायचा, मामाने विचारलं. आईने तो पदराने पुसला आणि परत त्याच्याच हातात दिला.

"आपल्यासाठी दुसरा मंग काढून आण. हा आधी बीबीले नेऊन दे. मले तं डोये मिटले तरी पोरगी दिसते. तिले तिथं माय कुठून दिसन?"