डोंगरावर ऐकलेला बाराचा भोंगा

भूत, चकवा, हडळ... यांतलं काहीही मी मानत नाही, हे आधीच लिहून ठेवतो. तरुणपणी पैजेखातर एक रात्र मसणवट्यात झोपलो होतो, तर माझ्या घोरण्याने तिथली भुतंच गाव सोडून गेली असं लोक सांगतात. (लोक म्हणजे मीच.) पण ही जी गोष्ट सांगतोय ना, तिला मी तिखटमीठ लावलेलं नाही. लावायची गरजच पडली नाही.

साल छप्पन किंवा सत्तावन्न. साताऱ्याकडून येऊन मी पिंपरीच्या एका कंपनीत चिकटलो होतो आणि चिंचवडला खोली घेऊन राहत होतो. चहूकडे बाजरीची शेतं आणि मधोमध आमच्या कंपनीचं धुराडं. पंचक्रोशीला घड्याळ एकच — कंपनीचा भोंगा! सकाळी सातचा कामावर यायचा, दुपारी बाराचा जेवणाचा. बाया त्यावर तवा चढवायच्या, गुराखी त्यावर शिदोरी सोडायचे. आवाज असा दणदणीत, की लोणावळ्याच्या म्हशी दचकून पान्हा चोरायच्या.

तर तेव्हा माझं लग्न ठरत होतं. मुलगी मला पसंत होती, नुसती पसंत नाही, झोप उडाली होती माझी. पण तिला वडील नव्हते आणि शेवटचा शब्द तिच्या मुंबईच्या मामांचा. हे मामा ‘मुलगा कसा आहे ते बघायला’ शनिवारी माझ्याकडे मुक्कामाला आले. पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर घड्याळ, बोलणं मोजकं. आणि समोरचा मोजकं बोलायला लागला की मी दुप्पट बोलतो, हा माझा जन्माचा रोग.

मामांना डोंगरांचा नाद. म्हणाले, “आम्ही रविवारी पहाटे निघून कान्हेरीचा डोंगर चढतो आणि जेवायला घरी. अर्धा दिवस पुरतो. तुमच्याकडे आहे का असं काही?”

“असं काही? अहो मामा, आमच्या घोरावडेश्वरावरून समुद्र दिसतो!”

शेजारी तुका बसला होता. मारुंजीचा, माझ्याच खात्यातला, जिवाचा दोस्त. त्याचा बटर चहात बुडाला तो वर आलाच नाही. मामा बाहेर गेल्यावर म्हणाला, “समुद्र? आरं, तितनं पवना दिसंल. ती बी पाणी आसलं तर!”

“तू उद्या नुसता बरोबर चल, राव.”

रविवारी सकाळी दोन सायकलींवर तिघं निघालो. लेणी पाहिली, देवाला नमस्कार झाला. मामा खूश. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, “समुद्र कुठल्या बाजूला?”

“जरा पुढे... माथ्यावरून दिसतो.”

असं ‘जरा पुढे, जरा पुढे’ करत मी त्यांना माथ्यावरून पार डोंगराच्या मागच्या अंगाला नेलं. भाद्रपदातलं गवत कमरेएवढं. आणि एकदम धुकं आलं. आलं म्हणजे काय, कुणीतरी वरून घोंगडी टाकावी तसं! पहिल्यांदा मी मनात देवाचे आभार मानले, की चला, समुद्राची भानगड मिटली. पण पुढच्या क्षणी मामांचा पाय घसरला, मी त्यांचा दंड धरला आणि पायाखालून सुटलेला दगड खाली गेला तो... पोचल्याचा आवाजच येईना.

मग मात्र माझी बोलती बंद झाली. मामांना काही झालं, तर त्या घराच्या उंबऱ्यावर मला कोण उभं करणार? आणि तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, की माझ्या एका थापेपायी तुझा मामा गेला?

तास-दीड तास तिथेच बसून काढला. धुकं हटेना. शेवटी तुका उठला. “वाट म्होरंच हाय. मला ठावं हाय, चला.”

आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

आमचाच. सुरुवातीला जरा घोगरा, मग लांबलचक. मामांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. “बरोबर बारा.”

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, “भोंग्याच्या रोखाने उतरायचं!”

तुका अडला. “आरं, आवाज डावीकडनं येतुया. पिंपरी तिकडं न्हाई.”

“डोंगरात आवाज फिरतो, तुका. कंपनीचा भोंगा खोटं बोलेल का?”

“तुझ्यापरास कमीच बोलंल,” तुका पुटपुटला आणि मागे आला.

डावीकडे वळलो. भोंगा बराच वेळ चालू होता, नेहमीपेक्षा लांब. थांबला तेव्हा पायाखाली मळलेली वाट लागली होती. थोडं उतरलो आणि धुकं फाटलं. मागे वळून पाहिलं... तुका म्हणत होता ती वाट पावसाने कड्यासकट तोडून नेली होती. चार पावलं पुढे, की खाली नुसती पोकळी. तुकाने दोन्ही कान धरले. मामांनी डोळे मिटून हात जोडले.

देहूरोडला हॉटेलात गरम भजी खाताना मामा पहिल्यांदा मोकळं हसले. “मुलगा बोलतो जरा फार,” ते तुकाला म्हणाले, “पण माणसाला धरून ठेवतो, सोडत नाही. आज ताईला पत्र टाकतो, मुहूर्त बघा म्हणून.”

मी आनंदाने आणखी एक प्लेट मागवली. तेवढ्यात मामांनी सहज विचारलं, “पण काय हो, तुमची कंपनी रविवारीसुद्धा चालू असते?”

तुकाची बशी ओठांपाशीच थांबली. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. सुट्टी होती म्हणून तर आम्ही डोंगरावर होतो! भोंगा रोजच्या कानातला, म्हणून आज रविवार आहे हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“असते कधीकधी,” मी म्हणालो.

संध्याकाळी मामांना गाडीत बसवून थेट कंपनीचं गेट गाठलं. वॉचमन म्हणाला, “काल सांजंपासनं बॉयलर गार हाय. वाफ न्हाई, तर भोंगा काय मी तोंडानं वाजवू व्हय?”

पुढे आठवडाभर तुकाने डोंगराखालचे गुराखी विचारून काढले. त्या दिवशी बाराला कुणीच काही ऐकलं नव्हतं. आम्ही तिघांनीच ऐकलं, आणि मामा तर त्या भोंग्याला ओळखतसुद्धा नव्हते.

लग्नानंतर सगळं खरं खरं बायकोला सांगितलं. समुद्रासकट. ती म्हणाली, “कुणी का वाजवला असेना, त्याचे उपकार माना आणि गप्प बसा.”

उपकार तर रोज मानतो. कोणाचे, ते आजही माहीत नाही. गप्प बसणं मात्र जमलेलं नाही.