मायची सरी

"इतल्या सऱ्या आहेत इथी. तुही कोनती, सांग?"

मालगुजारीणबाई, गावच्या मालकाची बायको, ओसरीवर उभी राहून माझ्या मायला विचारत होती. माय खाली अंगणात. सकाळपासून आम्ही दोघींनी ते अख्खं अंगण शेणाने सारवलं होतं. स्वतःचीच चांदी ठेवायची असो की मागायची, आधी सारवण घालायचं, असा तिथला रिवाज. कोणी मोडत नव्हतं.

आमची टोली म्हणजे गवताच्या घरांची वस्ती. उन्हाळ्यात एक पेटलं की सगळी रांग पेटायची. म्हणून बायका आपले दागिने मालगुजाराच्या पक्क्या घरात, लोखंडी संदुकीत ठेवायला द्यायच्या. लग्नाला, पोळ्याला मागून आणायच्या, पुन्हा नेऊन द्यायच्या. सरकारने मालगुजारी बंद केली होती. संदूक तशीच भरलेली.

मायची सरी म्हणजे गळ्यात घालायची चांदीची जाड कडी. चार उन्हाळे मोहफुलं वेचून, विकून तिने ती केली होती. आमच्या घरात साठवलेलं असं तेवढंच. माझ्या लग्नात ती माझ्या गळ्यात यावी, पुढे अडीनडीला कामी पडावी, एवढंच तिच्या मनात होतं.

"माह्या सरीच्या टोकाची एक घुंडी चेपली आहे, बाई," माय म्हणाली.

तशी सरी संदुकीत नव्हती. ती बाईच्या लेकीच्या गळ्यात होती, आणि लेक दारातच उभी होती. चेपलेली घुंडी मला दिसली. मायलाही दिसली. पण मालकाच्या पोरीकडे बोट दाखवायची तिची छाती झाली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

बाईनेही मलाच विचारलं, "तू सांग, पोरी. तुह्या मायनं सरी देली होती काय इथी?"

मी त्या घरी भांडी घासायची. माझ्या लग्नासाठी बाईने मला लेकीचं जुनं जरीकाठी लुगडं कबूल केलं होतं. मी मान खाली घातली.

"नाई, बाई. मायले भरम झाला असन."

माय शेणाची पाटी उचलून चालू लागली. वाटेत तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

लग्नात मी ते लुगडं नेसले. गळा मोकळा. बायका काठाचं कौतुक करत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. आजही होतं. चोरी बाईने केली, पण मायला खोटं पाडलं ते मी.

सासर त्याच मालगुजाराच्या दुसऱ्या गावात. तीन वर्षांनी, पोळा झाल्यावर, सासूने आपले मनगटातले चांदीचे गोठ माझ्या हातात दिले. "सारवून ठेवून ये," म्हणाली. गेले. त्याच अंगणात दोन्ही गावच्या बायका आपापली चांदी पदरात बांधून सारवत होत्या. मी शेणाचा गोळा घेतला आणि हात पुढे जाईना. उठून उभी राहिले.

"बाई, तुमच्या लेकीच्या गळ्यात घातली ते सरी माह्या मायची. तवा मी खोटी बोलली. लुगड्यासाठी बोलली."

"डोकं फिरलं काय इचं?" बाई म्हणाली.

सरी मिळाली नाही. पण त्या दिवशी सात जणींनी पदराची गाठ सोडली नाही, चांदी घरी परत नेली. आता आम्ही ती चुलीपाशी मडक्यात पुरतो. घर पेटलं तरी मातीखाली राहते.

माय अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिचं बरोबर आहे. दर पोळ्याला मी त्या अंगणात जाते, सारवत नाही, आणि तेच चारचौघींत पुन्हा सांगते. सरी देईपर्यंत सांगणार. बाई मेली तर तिच्या लेकीला सांगणार.